हापसा उघडताना भेटणारी माणसं

पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकात मी बत्तीस वर्षं काढली. सामानाच्या मागणीपत्रावर कितीदा तरी लिहिलं, 'स्टिल्सन पाना, १८ इंची, नग २'. स्टिल्सन म्हणजे काय हे ना मी कुणाला विचारलं, ना कुणी मला. मला वाटायचं, घट्ट चावणाऱ्या पान्याला इंग्रजीत असंच म्हणत असतील. रिटायर झाल्यावर एकदा नातीच्या मोबाईलवर सहज पाहिलं, तर ते चक्क माणसाचं नाव निघालं. डॅनियल स्टिल्सन, अमेरिकेतल्या एका पाईपफिटिंगच्या कारखान्यातला मेकॅनिक. त्यानं आधी लाकडाचा नमुना करून दाखवला. कारखान्याचे लोक म्हणाले, लोखंडात करून आण आणि पाईपवर असा जोर लाव की एक तर पाईप पिळून तुटला पाहिजे, नाहीतर पाना मोडला पाहिजे. पाईप तुटला. १८६९ साली त्याला पेटंट मिळालं. आणि इकडं आम्ही त्याला 'नग २' करून टाकलं.

खाली जे लिहितोय ते गावोगावच्या बोअरवर दिसणारा इंडिया मार्क टू हापसा तपासून, उघडून परत बसवण्याबद्दल आहे. गावातल्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्यानं, आयटीआयच्या पोरांनी, झालंच तर ज्यांच्या शाळेत बंद हापसा उभा आहे त्या गुरुजींनी वाचावं. मधेमधे मी माणसांबद्दल बोलेन, त्याला कारण आहे. ट्रेनिंगमध्ये आमच्याकडून प्रत्येक सुट्या भागाचं नाव पाठ करून घेतलं होतं, पण तो भाग तसाच का आहे, कुणाला त्याची गरज पडली, हे कुणी सांगितलं नाही. ते माहीत असतं तर माझ्या निम्म्या चुका टळल्या असत्या.

आमच्या अंबड-घनसावंगीकडं 'हातपंप' फक्त कागदावर असतो. तोंडात हापसा. म्हणून इथंही हापसाच.

पाना नंतर, आधी डबा

नवा मेकॅनिक आला की आधी पाना काढतो. तसं करू नका. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, धुऊन तोटीखाली ठेवा आणि पूर्ण दांडा वर-खाली करत मोजा. खाली बोअरमध्ये ज्या नळीत दट्ट्या वर-खाली होतो त्या सिलिंडरचा आतला व्यास ६३.५ मिलिमीटर, आणि एका हापशात, म्हणजे दांडा एकदा खाली-वर केला की, आतला दट्ट्या १२५ मिलिमीटर चालतो. गुणाकार केला तर एका हापशाला चारशे मिलीच्या आसपास पाणी. म्हणजे डबा काठोकाठ भरायला चाळीस-बेचाळीस हापसे. पन्नासच्या पुढं गेलात तर वायसर, म्हणजे दट्ट्याभोवतीच्या वाट्या, झिजलेत. साठ-सत्तर लागले तर वायसर नावालाच उरलेत.

दुसरी तपासणी थांबण्याची. पाणी चालू झालं की हापसणं बंद करा, अर्धा तास कुणाला हात लावू देऊ नका. (हे सगळ्यात अवघड. बायका घागरी घेऊन उभ्या असतात, तुम्हाला शिव्या पडणार.) अर्ध्या तासानं पुन्हा सुरू करा. पाचेक हापशांत पाणी तोटीला आलं पाहिजे. दहा-पंधरा लागले तर पाईपमधलं पाणी खाली उतरतंय. एक तर खालचा फूट व्हॉल्व (तळाची झडप) गळतोय, नाहीतर एखाद्या पाईपचा आटा (जोडायचा पेच) गेलाय.

तिसरी तपासणी कानाची. दांडा एकदम हलका झाला, पाणी नाही, तर दांड्यापासून दट्ट्यापर्यंत जाणारा रॉड आत कुठंतरी तुटलाय किंवा सुटलाय. करकर आवाज येतो तर रॉड वाकून पाईपला घासतोय. दांडा डावी-उजवीकडं लटपटतो तर बेरिंग गेलं. दांडा वर सोडताना आतली साखळी दुमडते तर नवे वायसर फार घट्ट बसलेत. तसं का होतं, ते डोकं उघडलं की कळेल.

आणि चौथी तपासणी म्हणजे रोज पाणी भरणाऱ्या बाईला विचारणं. हे मी उशिरा शिकलो. ८६-८७ च्या उन्हाळ्यात एका गावात गेलो. ओट्यावरच्या मावशी म्हणाल्या, "भाऊ, हा दोन दिसापासून खोकायलाय." मी हसलो, चार माणसं लावली, सगळे पाईप वर काढले. सिलिंडर नव्यासारखा! वायसर ठणठणीत. सगळं परत बसवलं, हापसलं, तर तोटीतून पाणी, मग हवा, मग पाणी. खोकतच होता. बोअरचं पाणी सिलिंडरच्या तोंडापर्यंत उतरलं होतं आणि पंप पाण्याबरोबर हवा ओढत होता. दोन पाईप वाढवले की काम झालं. मावशींचं ऐकलं असतं तर ते पाईप येतानाच गाडीत टाकून आणले असते.

डोकं

डोकं म्हणजे दांडा बसवलेली वरची पेटी. तिच्या समोरच्या झाकणाला एकच बोल्ट असतो. तो काढा, झाकण उतरवा. आता आत बघा आणि घाई करू नका. या चौकोनी पेटीत आपल्या मुलखाची निम्मी कथा आहे.

७२ च्या दुष्काळात मी पंधरा वर्षांचा होतो. खडी फोडायला जायचो, सुकडी खायचो. त्या साली आमच्या गावात बोअरची गाडी आली. काळ्या पाषाणात हवेच्या दाबानं हातोडा आपटत भोक पाडणारी मशीन बघायला पाच गावचे लोक जमले होते. पाणी लागलं, आणि त्यावर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पंप बसवला. बिडाचा पंप म्हणजे युरोप-अमेरिकेत शेतावरच्या एका घरापुरता असायचा त्याची नक्कल. तिकडं एक घर दिवसाला वीस-तीस बादल्या काढायचं. इकडं पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत तो दांडा थांबायचाच नाही. दांड्याला दोन-तीन ठिकाणी खिळीवर फिरणारे सांधे होते. खिळ्या झिजायच्या, भोकं लांबुळकी व्हायची, दांडा हेलकावे खायचा, आणि मग बीडच तडकायचं. आमच्या गावच्या पंपात खिळीच्या जागी बाभळीची खुंटी ठोकली होती. ती आठवडाभर टिकायची. मग नवी खुंटी.

हे सगळीकडं चाललं होतं. युनिसेफनं १९७४ मध्ये पाहणी केली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बंद निघाले. भोकं पाडायला लाखोंचा खर्च, आणि वर खिळी टिकेना.

यावर तोड आधी निघाली ती आपल्या जालन्यात. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनचं बोअर घेण्याचं काम साठच्या दशकात जालन्यातून चालायचं. त्यांच्या लोकांना आपणच बसवलेले पंप पुन्हा पुन्हा दुरुस्त करायला जावं लागायचं, म्हणजे शिव्या खायलाही तेच. त्यांनी बिडाचं डोकं फेकून दिलं. पोलाद वेल्डिंग करून नवं डोकं केलं आणि सगळ्या खिळ्या काढून एकच आस ठेवला. त्याला 'जालना पंप' म्हणतात. जुन्या कागदांत जालना, जालवाड, सोलापूर अशी नावं ओळीनं सापडतात. सोलापूर पंप सगळ्यात टिकाऊ निघाला, आणि पुढं केंद्र सरकार, युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रूडास कंपनीचा मद्रासचा कारखाना यांनी मिळून त्याच्यावरूनच इंडिया मार्क टू तयार केला. कोइमतूरच्या बाजूला खोल बोअरवर नमुने बसवून वर्षभर झिजवून पाहिले. १९७७-७८ पासून कारखान्यातून पंप निघू लागले. पेटंट कुणीच घेतलं नाही. आयएस ९३०१ या मानकात मापं जाहीर करून टाकली, ज्याला करायचा त्यानं करावा. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत जगात असे पन्नास लाख पंप झाले. आफ्रिकेतल्या बायका जो दांडा मारतात त्याचा एक पूर्वज जालन्याचा आहे. जालना म्हटलं की लोकांना सळई आठवते, मोसंबी आठवते, बियाणं आठवतं. हापसा कुणाला आठवत नाही. आठवायला नाव तरी कुठं आहे? डोक्याला पहिलं वेल्डिंग ज्यानं मारलं तो कोण, हे कुठल्या पाटीवर नाही.

असो. आता आत काय दिसतं?

दांड्याच्या आतल्या टोकाला पाव चकतीसारखा एक भाग आहे. त्याला आम्ही चंद्र म्हणायचो. त्यावरून साखळी खाली येते आणि रॉडला धरते. बाहेरचं टोक खाली दाबलं की चंद्र वर जातो, साखळी रॉडला सरळ रेषेत ओढते. इथं शहाणपण आहे ते 'सरळ' या शब्दात. दांडा गोल फिरतो, पण चंद्राच्या कडेवरून उतरणारी साखळी नेहमी एकाच ओळंब्यात राहते, म्हणून रॉड तिरपा होऊन घासत नाही.

साखळी मात्र ओढू शकते, ढकलू शकत नाही. दांडा वर सोडला की रॉड आपल्या वजनानं खाली गेला पाहिजे. १२ मिलिमीटरचा रॉड मीटरला जवळपास नऊशे ग्रॅम भरतो. तीस मीटरचे झाले २६-२७ किलो. वायसर इतके घट्ट असतील की या वजनालाही दाद देत नाहीत, तेव्हा साखळी दुमडते. हे कळल्यावर मी चामडी वायसर कधी कोरडे बसवले नाहीत. आणि उथळ बोअरवर, चार-पाच पाईपांवर, हा पंप कामून नीट चालत नाही, तेही कळलं. खाली ओढायला वजनच नसतं.

ही रोलरची साखळी हान्स रेनॉल्ड या माणसाची. जन्मानं स्विस, धंदा इंग्लंडात मँचेस्टरला. कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी साखळ्या करायचा. १८८० मध्ये त्यानं खिळीभोवती नळी आणि नळीभोवती फिरतं रोलर अशी रचना केली. त्याआधीच्या साखळीत सगळा भार बारीक खिळीवर यायचा आणि ती झिजायची. म्हणजे आमच्या बाभळीच्या खुंटीचंच दुखणं, शंभर वर्षं आधी आणि मँचेस्टरला. सायकल चालली ती या साखळीवर, आणि आपला हापसाही.

साखळी बघा. दोन कड्यांमध्ये गंज चढून ती आखडली असेल तर रॉकेलनं धुवा, प्रत्येक सांधा हातानं हलवून मोकळा करा, ग्रीस भरा. महिन्यातून एकदा ग्रीस मिळालं तर साखळी वर्षानुवर्षं जाते. मी पाहिलेल्या तुटलेल्या साखळ्यांपैकी बहुतेक ग्रीसविना गेल्या होत्या. पंचवीस रुपयांचं ग्रीस, आणि त्यापायी अख्खं गाव चार दिवस विहिरीवर.

बेरिंग दोन असतात, आसाच्या दोन बाजूंना, बंद तोंडाची. त्यांना ग्रीस घालायला जाऊ नका, आत ते असतंच. फिरवून बघा, खरखर लागली तर बदला. गोळ्यांवर आस फिरवायचं पेटंट वेल्समधल्या फिलिप वॉन नावाच्या लोखंडवाल्यानं १७९४ मध्ये घेतलं होतं, घोडागाडीच्या चाकासाठी. आस ठोकून काढताना ॲक्सल पंच वापरा. हातोडी थेट आसावर मारलीत तर त्याचा आटा बसतो, आणि मग नट लागत नाही. असं करून बसलेले महाभाग मला दर वर्षी भेटायचे.

दांडा भरीव चौकोनी सळईचा आहे. चोर तो पोकळ नळीनं बदलतात किंवा लोक मोडल्यावर हाताला लागेल तो पाईप जोडतात. तसं करू नका. त्याचं वजन रॉडच्या वजनाला तोलून धरतं. बाहेरचा हात आतल्या हाताच्या आठपट लांब आहे. तीस मीटरवर दट्ट्यावर नव्वदेक किलो पाणी, वर रॉड. भागिले आठ केलं आणि भरीव दांड्याची मदत धरली, की तिसरीतली पोरगीसुद्धा पाणी काढते. पोकळ पाईप लावला की तिची आई लागते.

पाईप काढणं, आणि माझी फजिती

डोकं उतरवण्याआधी साखळीच्या कपलिंगखाली आधाराचं हत्यार सरकवा, मग साखळीचा बोल्ट सोडा. दांडा, मग डोकं, मग रॉडला व्हाइस (आवळायची पकड) लावून पाण्याची टाकी. क्रम उलटा करू नका, रॉड हातातून निसटतो. इथवर दोन माणसं पुरतात. पुढं चार लागतात. तीन-तीन मीटरचे दहा पाईप, आतले रॉड, पाईपमध्ये अडकलेलं पाणी आणि तळाला सिलिंडर, सगळं दीड क्विंटलच्या वर जातं.

आपोआप आवळणारा क्लॅम्प स्टँडच्या तोंडावर ठेवा. पाईप वर ओढला की तो सोडतो, खाली घसरायला लागला की चावतो. एक पाईप वर आला की सॉकेटवर (दोन पाईप जोडणाऱ्या तुकड्यावर) स्टिल्सन, खालच्या पाईपवर दुसरा स्टिल्सन, आटा सोडा, आतल्या रॉडचं कपलिंग सोडा, पाईप बाजूला. स्टिल्सनचा जबडा सैल असतो तो मुद्दाम. जेवढा जोरानं पिळाल तेवढा तो जास्त चावतो. त्याला हातोडीनं ठोकून 'घट्ट' करणारे मी पाहिलेत, त्यांनी त्या माणसाची सगळी अक्कल पाण्यात घातली.

क्लॅम्पचे दात मात्र स्वच्छ हवेत. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी ग्रीसचे हात तसेच क्लॅम्पला लावले. चार पाईप निघाले, पाचवा सोडताना क्लॅम्प घसरला. सर्रर्र आवाज झाला आणि सहा पाईप, रॉड, सिलिंडर सगळं बोअरच्या तळाशी. ओट्यावर एकदम शांतता. मग एक म्हातारा म्हणाला, "झालं का समाधान?"

ऑफिसात कळवलं तर उत्तर आलं, बोअर निकामी दाखवा. दोनशे फुटांचं पाणी लागलेलं बोअर! मी तसाच बसनं अंबडला गेलो. तिथं एक वेल्डर होता, नांगराचे फाळ आणि ट्रॉलीचे जू दुरुस्त करायचा. त्याला सांगितलं. त्यानं पडलेल्या पाईपच्या सॉकेटचं माप विचारलं, बोअरचा व्यास विचारला, थोडा वेळ विडी ओढली. मग चार इंची पाईपचा दोन फुटी तुकडा घेतला. त्याच्या आत करवतीच्या जाड पात्याचे चार तुकडे रिव्हेटनं बसवले, टोकं वर आणि आतल्या बाजूला झुकलेली. मला हातात देऊन म्हणाला, "मूठ घाल." मूठ आत गेली. "आता काढ." निघेना, पात्याची टोकं मनगटाला लागली. उंदराचा पिंजरा!

दोरावर सोडलं, चाचपडत बसलो, दुपारपर्यंत काही लागेना. तिरपा पडलेला पाईप बोअरच्या भिंतीला टेकला होता. संध्याकाळी वेल्डर स्वतः सायकलवर आला. त्यानं तुकड्याच्या खालच्या तोंडाला नरसाळ्यासारखी एक बाजू वाढवली, म्हणजे भिंतीला टेकलेलं टोक आत वळून येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सॉकेट अडकलं. 'कट' असा आवाज वरपर्यंत आला. सगळं वर निघालं, सिलिंडरसकट.

ते हत्यार मी रिटायर होईपर्यंत वापरलं. शेजारच्या तालुक्यांतली पथकं मागून न्यायची. त्याला आम्ही 'अंबड्या' म्हणायचो. पुढं एक नवीन पोरगा मला विचारत होता, साहेब, अंबड्या हे कंपनीचं नाव आहे का?

सिलिंडर

सिलिंडर वर आला की व्हाइसमध्ये हलक्या हातानं धरा. बाहेरून बीड, आत पितळेची नळी. ती जोरात आवळली तर लंबगोल होते आणि मग कुठलाच वायसर बसत नाही. दोन्ही टोपणं काढा, दट्ट्या बाहेर घ्या.

दोन झडपा असतात. तळाची फूट व्हॉल्व, आणि दट्ट्यातली वरची. दट्ट्या वर चालला की त्यातली झडप बंद, खालची उघडी, पाणी आत. दट्ट्या खाली आला की खालची बंद, वरची उघडी, तेच पाणी दट्ट्याच्या वर. नळी, दट्ट्या आणि झडपा यांची ही जोडणी फार जुनी. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तच्या अलेक्झांड्रियात क्टेसिबियस नावाचा माणूस होऊन गेला, बाप न्हावीकाम करायचा. त्यानं दोन नळ्यांचा झडपवाला पंप केला होता. बावीसशे वर्षांनी त्याच झडपेत अडकलेला वाळूचा कण तुम्ही नखानं काढत असता.

झडपेची बैठक बोट फिरवून बघा. खड्डा पडला असेल तर रबर नवं टाकून उपयोग नाही, बैठकच बदला.

आता चामडी वायसर. वाटीच्या आकाराचे, दोन. आमच्याकडं येणारा जवळपास प्रत्येक नवा माणूस ते पहिल्यांदा उलटे बसवायचा, मीही बसवले होते. वाटीचं तोंड वर पाहिजे. का? वरच्या पाण्याचा दाब वाटीत शिरतो आणि तिची कड पितळेच्या भिंतीवर दाबतो. पाणी जितकं जड, तितकी कड घट्ट. खाली येताना दाब नसतो, कड सैल पडते, घर्षण कमी. कुणी आवळायला लागत नाही, काम सुरू झालं की आपोआप आवळते, थांबलं की सोडते.

ही युक्ती हेन्री मॉड्स्ले या लंडनच्या लोहाराची म्हणून सांगतात. त्याचा मालक जोसेफ ब्रामा. ब्रामानं १७९५ मध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं, पण प्रेस गळायची. दाब वाढवला की दट्ट्याच्या बाजूनं पाणी, आणि पॅकिंग आवळलं की दट्ट्या जाम. कारखान्यातल्या मॉड्स्लेनं चामड्याची स्वतः आवळणारी वाटी लावली आणि प्रेस चालली. प्रेसला नाव ब्रामाचं. मॉड्स्लेला आठवड्याला तीस शिलिंग पगार होता. बायको-पोरं होती, त्यानं वाढ मागितली, मिळाली नाही. १७९७ मध्ये तो नोकरी सोडून गेला आणि स्वतःचं दुकान टाकलं. पुढं तो लेथ मशीनसाठी मोठा झाला ही गोष्ट वेगळी. पगारवाढीचा अर्ज परत आलेला माणूस म्हणून मला तो जास्त जवळचा वाटतो.

वायसर रात्रभर करडीच्या तेलात भिजवा. आपल्याकडं करडी घरोघरी, गोडं तेल कुठलंही चालेल, पण इंजिन ऑइल नको, पाणी प्यायचं आहे. भिजलेला वायसर बोटांनी दाबला की वाटी मऊ लवली पाहिजे, चिरता कामा नये. एका वर्षी पुरवठ्यात असे वायसर आले की भिजवल्यावर पापडासारखे पदर सुटले. महिन्यात अख्ख्या तालुक्याचे हापसे पुन्हा उघडले. तेव्हापासून मी नवीन खोक्यातला एक वायसर आधी वाकवून बघायचो, मगच गाडीत टाकायचो. आता नायट्राइल रबराचे मिळतात. ते टिकतात, भिजवायची भानगड नाही. मिळाले तर तेच घ्या.

परत बसवणं

पाईपचे आटे तारेच्या ब्रशनं घासा. जस्त उडून लाल झालेला आटा दिसला तर तो पाईप वापरू नका, टोक कापून नवा आटा पाडा. लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवायची रीत फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेलनं १८३७ मध्ये पेटंट केली. जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. आटा पाडताना आपण नेमकं तेच खरवडून काढतो, म्हणून पाईप नेहमी आट्यापाशीच सडतो. जोडल्यावर सॉकेटबाहेर उघडा राहिलेला आटा रंगवून टाका.

पाईप सोडण्याआधी ३०० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पंधरा लिटर पाण्यात कालवून बोअरमध्ये ओता. नंतर वास जाईपर्यंत हापसून ते पाणी नालीत सोडून द्या. त्या वेळात कुणी घागर लावणार नाही याची जबाबदारी तुमची.

सरपंच म्हणतील, 'ओटा फुटलाय, त्याचं नंतर बघू.' नंतर कुणी बघत नाही. स्टँड केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या तोंडात घातलेल्या, पाईपावर टोपीसारखा बसतो, तो याचसाठी की वरचं खरकटं पाणी बोअरमध्ये जाऊ नये. ओट्याला भेग गेली की ती सगळी सोय वाया. सिमेंट घातलंत तर सात दिवस पाणी मारा आणि तोवर दांडा साखळीनं बांधून ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, हापसे राहिलेत कुठं. खरं आहे. हा पंप पन्नास मीटरपर्यंतचा. आमच्याकडं बोअर चारशे-पाचशे फुटांवर गेलीत, घरात नळ आलेत, हापशाचा दांडा काढून त्याच बोअरमध्ये मोटार सोडतात. पण मे महिन्यात वीज नसली की लोक जुन्या हापशाकडंच वळतात, आणि तेव्हा तो वर्षभर ग्रीस न लागलेला असतो.

सगळं जोडून झालं की पुन्हा डबा लावा. चाळीस-बेचाळीस. मग अर्धा तास थांबा, पाच हापशांत पाणी. त्यानंतर झाकणाचा बोल्ट आवळा.

शेवटचं काम मी नव्वदच्या सुमारास सुरू केलं, कुणी सांगितलं नव्हतं. एक छोटा ब्रश आणि पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा गाडीत ठेवायचो. स्टँडच्या मागच्या बाजूला लिहायचं : पाईप किती, पाणी किती फुटांवर, वायसर कधी बदलले, कुणी बदलले. त्या सहा पाईप पडलेल्या बोअरवर मी 'पाईप १०, पाणी ६२ फूट' लिहिलं, आणि खाली त्या वेल्डरचं नाव. ऑफिसातले एक जण तपासणीला आले तेव्हा म्हणाले, हा कोण, हा तर आपल्या पथकात नाही. मी म्हटलं, नाही. रंग दोनदा उडाला, दोनदा पुन्हा लिहिला. ऑइलपेंट वाळायला चार-पाच तास लागतात, तेवढा वेळ लेकरांना स्टँडला टेकू देऊ नका, शाळेच्या सदऱ्याला लागला तर निघत नाही.